आधी पेन्सिल, मग सही

अंकल तुम्हाला पहिल्यांदा भेटले की नाव विचारायचे नाहीत, बेसिक विचारायचे. ‘बेसिक किती?’ बस्स. मी शारजाच्या हमरियातल्या त्या फॅब्रिकेशन कंपनीत पगारपत्रकाच्या कामाला रुजू झाले, त्या सकाळी मला कुणी अजून खुर्चीसुद्धा दाखवली नव्हती. आणि कोपऱ्यातल्या टेबलामागून बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले एक साठी उलटलेले गृहस्थ म्हणतात कसे, ‘बाय, बेसिक किती ठरलं?’ माझा पारा चढला. म्हटलं, ओळख ना पाळख, आणि हा बाबा डायरेक्ट पगारावर? मी म्हटलं, ‘तुम्हाला काय करायचंय?’ ते म्हणाले, ‘मला काय करायचंय, तुलाच करायचंय. एकूण पगार बघून भाळलीस ना? बेसिक बघितलंच नाहीस.’

खरं होतं. बघितलं नव्हतं.

इथे पगाराचे दोन तुकडे असतात. एक बेसिक, दुसरा भत्ते. महिन्याच्या शेवटी हातात दोन्ही मिळून येतात, म्हणून कुणी तुकड्यांकडे बघत नाही. पण नोकरी सोडून गावी परतताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती फक्त बेसिकवर. इथे पेन्शन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, म्हातारपणाला म्हणून जी काय शिदोरी ती हीच. मालकांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते भत्ते हसत हसत वाढवतात आणि बेसिकला हात लावत नाहीत. कामगारांना हे ठाऊक नसतं, असं अंकलांचं म्हणणं, आणि ते ठाऊक करून देणं हे आपलं जन्मकर्तव्य आहे असा त्यांचा ठाम समज.

ते वसईचे. आमचे चीफ अकाउंटंट. चौतीस वर्षं आखातात काढलेली, पैकी आमच्या कंपनीत चारेक. कंपनीत सगळे त्यांना अंकलच म्हणायचे, मालकसुद्धा. एसी कितीही कमी करा, तो स्वेटर अंगावरून उतरायचा नाही. खिशात दोन पेन्सिली, आणि कानावर तिसरी. टेबलावर लेटेस्ट कॉम्प्युटर होता, पण कुठलीही बेरीज आधी पेन्सिलनं, मग मशीनवर. आणि ती बेरीज ते स्वतः करायचे नाहीत, समोरच्याला करायला लावायचे! कुणी विचारलं, ‘अंकल, माझे किती होतील?’ की एका बाजूला छापलेला रद्दी कागद उलटा करून त्याच्यापुढे सरकवायचे. ‘मी सांगितलं तर तू विसरशील. तू लिहिलंस तर तुझ्या बापालाही विसरता यायचं नाही.’ मला तर ते ऐकून ऐकून वीट आला होता. दिवसभर कामाचा ढीग, आणि हे बसलेत एखाद्या वेल्डरला गुणाकार शिकवत.

नाताळला ते घरून प्लम केक आणायचे आणि तो फूटपट्टी लावून कापायचे. बत्तीस कामगार, मी, मालक आणि स्वतः, पस्तीस तुकडे. एकदा ड्रायव्हरनं दोन घेतले तर अंकलनी स्वतःचा वाटा सोडला आणि दिवसभर ड्रायव्हरशी बोलले नाहीत. सुट्टीवरून आले की वसईची सुकेळी आणायचे, ती मात्र न मोजता वाटायचे. ‘केळ्याला कसला हिशेब?’ म्हणायचे. आता केकला असतो आणि केळ्याला नसतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. शारजात आमचा दोन खोल्यांचा संसार. श्रीखंड-पुरीचा बेत केला होता. माणूस जेवायला आला की पुरी मागेल, श्रीखंड मागेल. यांनी पासपोर्ट मागितले! माझ्या नवऱ्याची नोकरी त्या वर्षी मध्येच सुटली होती आणि तो साडेपाच महिने नाशिकला राहून नुकता परतला होता. अंकलनी चष्मा नाकावर ओढला, शिक्के बघत बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, ‘एप्रिलपासून एकशे एकाहत्तर. एकतीस मार्चपर्यंत आता फक्त दहा दिवस राहिलेत तुमच्याकडे. एकशे ब्याऐंशी झाले की तिकडच्या टॅक्सवाल्यांच्या लेखी तुम्ही तिथले.’ नवऱ्याच्या चुलतभावाचं लग्न होतं मार्चमध्ये. नवरा चिडून म्हणाला, ‘म्हणजे लग्नालाही जायचं नाही?’ अंकल शांतपणे म्हणाले, ‘लग्नाला जा. सत्यनारायणाला थांबू नका.’

मग त्यांनी माझ्या मुलाला जवळ बोलावलं. तो सहावीत, नवा लॅपटॉप हवा म्हणून हट्टाला पेटलेला. अंकलनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, ‘बेसिक किती रे तुझं?’ तो म्हणाला, ‘अंकल, आय ॲम इन ग्रेड सिक्स.’ ‘मग लॅपटॉप कुणाच्या बेसिकवर?’ पोरगं माझ्याकडे बघायला लागलं! मी आणि नवरा पोट धरून हसलो. तोपर्यंत नवऱ्याचा रागही गेला होता.

डिसेंबर आला की अंकलांच्या अंगात यायचं. कंपनीचं वर्ष डिसेंबरअखेर बंद होणार, ऑडिटर येणार, त्यात आता कंपन्यांना नवा टॅक्स लागू झालेला, म्हणजे कामाला तोटा नाही. पण अंकल रोज जेवणाच्या सुट्टीत एका कामगाराला समोर बसवायचे. याला ते ‘माणसांचं क्लोजिंग’ म्हणायचे. ‘घरी कधी जाणार?’ ‘नेक्स्ट इयर, अंकल.’ ‘कुठलं नेक्स्ट इयर? सन लिही.’ वारस कोण, बँकेतलं खातं कुठल्या प्रकारचं, बेसिक किती, सगळं त्याच्याच हातानं लिहून घ्यायचे. ‘कंपनीचं वर्ष बंद होतं डिसेंबरला, गावाकडचं मार्चला, आणि तुझं ज्या दिवशी इथली नोकरी खलास होईल त्या दिवशी. तिन्ही तारखा ठाऊक हव्यात.’ माणसं हसायची, पण लिहायची. मी लांबून बघत म्हणायची, झालं यांचं पारायण सुरू.

तर त्या डिसेंबरची गोष्ट.

मालकांना कुठल्याशा कन्सल्टंटनं एक नामी युक्ती दिली. कंपनीची दोन लायसन्स करायची, म्हणजे प्रत्येकीची उलाढाल निम्मी दिसेल आणि लहान धंद्याला टॅक्सची जी सवलत आहे ती दोघींना मिळेल. त्यासाठी सगळ्या कामगारांनी जुन्या कंपनीचा राजीनामा द्यायचा, आजवरची ग्रॅच्युइटी रोख घ्यायची, आणि एक जानेवारीला नव्या कंपनीत नव्या करारावर लागायचं. काम तेच, खोली तीच, पगारही तोच. मालक मला म्हणाले, ‘लेटर्स बना दो, यल्ला, जल्दी, तीस तारीख को सब का साइन ले लो.’ मी पत्रं बनवली. नव्या करारात बेसिक कमी आणि भत्ते जास्त होते, ते मी टाइप करताना बघितलं. पण बेरीज तीच येत होती, म्हणून मी पुढे गेले. हे मी आज कबूल करते, कारण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या गठ्ठ्यात माझंही पत्र होतं. डिसेंबरात एकरकमी पैसे मिळणार म्हणून मी खूशच होते.

कामगार तर नाचायचेच बाकी होते. रोख पैसे, तेही नोकरी न सोडता! कुणी घरावर स्लॅब टाकणार होता, कुणी मोटरसायकल घेणार होता. सगळ्यांच्या पुढे शांतारामभाऊ. लांज्याकडचा माणूस, सोळा वर्षं त्याच वर्कशॉपमध्ये, हेल्परपासून फोरमनपर्यंत चढलेला. त्याच्या शब्दावर बाकीचे एकतीस चालायचे. तो सही करणार म्हणजे सगळे करणार.

त्याला पैशांची खरीच निकड होती. मुलीला रत्नागिरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि एक लाख चाळीस हजार फी पंधरा जानेवारीच्या आत भरायची होती. नाही भरली तर जागा गेली. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘ताई, अंकल सही करू नको म्हणतात. काय करू?’

आणि मी, शहाणी, काय म्हटलं? म्हटलं, ‘शांतारामभाऊ, अंकलांचं काय ऐकता? हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? घ्या पैसे, भरा पोरीची फी.’ तो मोकळा होऊन गेला. मलाही वाटलं, चला, एकाचं भलं केलं.

तीस तारखेला दुपारी कँटीनमध्ये मी टेबल मांडलं. पत्रांचा गठ्ठा, पेन, शिक्का. डबे उघडलेले, आमटीचा वास, टीव्हीवर कुठलीशी हिंदी मालिका. पहिला नंबर अर्थातच शांतारामभाऊचा. त्यानं पेन उचललं, तेवढ्यात अंकल आले आणि टीव्ही बंद केला. कागद उलटा करून त्याच्यापुढे सरकवला, वर पेन्सिल ठेवली.

‘आधी हे लिही. सही मग कर. मी अडवणार नाही.’

शांतारामभाऊ तसा मवाळ माणूस. पण त्या दिवशी भडकला. ‘अंकल, बस करा! तुमचा मुलगा कॅनडाला सेटल झाला, तुमचा वसईला बंगला आहे. तुम्हाला काय जातंय सांगायला? माझ्या पोरीला काय सांगू, थांब सहा वर्षं, माझी ग्रॅच्युइटी पिकतेय?’

 मी मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं, कुणीतरी बोललं एकदाचं.

अंकल बाकावर बसले. कानावरची पेन्सिल काढून खिशात घातली. मग म्हणाले, ‘बंगला बांधला तो पहिल्या कंपनीचा मालक बदलला तेव्हा. असंच पत्र होतं. अकरा वर्षं होती माझी, रोख घेतली. दुसऱ्या वेळी नवं लायसन्स निघालं, नऊ वर्षं होती, तीही घेतली. ती कशात गेली मला आठवत नाही. तिसऱ्या वेळी मुलाच्या कॅनडाच्या एजंटला दिली. तीन वेळा, शांताराम. मी हिशेबनीस आहे, दुसऱ्यांची खाती लिहायचो, आणि माझ्याच सर्व्हिसवर तीन वेळा शून्य मारून घेतलं. बंगल्यात माझी बायको एकटी राहते. मी सासष्ट वर्षांचा आहे. तुला काय वाटतं, मला आवडतं म्हणून मी इथे आहे?’

आम्ही कुणी हे कधी विचारलंच नव्हतं. चौतीस वर्षांचा हिशेब सांगणाऱ्याची स्वतःची सर्व्हिस चार वर्षांची होती. मला इतकी लाज वाटली की मी गठ्ठ्यावरचा हात काढून घेतला.

शांतारामभाऊनं पेन खाली ठेवलं आणि पेन्सिल घेतली. अंकल सांगत गेले, तो लिहीत गेला. बेसिक पंधराशे, म्हणजे दिवसाला पन्नास. पहिल्या पाच वर्षांचे एकवीस-एकवीस दिवस, पुढच्या अकरा वर्षांचे तीस-तीस. एकवीस हजार सातशे पन्नास दिरहम, म्हणजे आपले सव्वापाच लाख. कँटीनमध्ये कुणीतरी शीळ घातली.

‘हे आज हातात येतील,’ अंकल म्हणाले. ‘आता नव्या करारात तुझं बेसिक हजार. पुन्हा पहिलीपासून, पुन्हा एकवीस दिवस. सहा वर्षांनी घरी जाणार असं तूच लिहिलंयस, तेव्हा किती?’

त्यानं लिहिलं. साडेचार हजार. दोन्ही मिळून सव्वीस हजार दोनशे पन्नास.

‘आता शेजारी लिही. सही केली नाही, सर्व्हिस तुटली नाही, बावीस वर्षं सरळ.’

तीस हजार सातशे पन्नास. शांतारामभाऊ ओठ हलवत म्हणाला, ‘साडेचार हजारांचा फरक. एक लाख आठ हजार रुपये.’

मागून एक पोरगेलासा वेल्डर म्हणाला, ‘पण अंकल, आज घेतले तर बँकेत व्याज मिळेल की!’

‘मिळेल. अगदी बरोबर बोललास,’ अंकल म्हणाले. ‘ठेवलेस तर. कोण कोण बँकेत ठेवणार आहे? हात वर करा.’

एकही हात वर नाही. एकमेकांकडे बघून सगळे हसायला लागले. मोटरसायकलवाला तर मान खाली घालून हसला.

‘आता शेवटचं लिही,’ अंकल म्हणाले. ‘ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर मिळते. जायच्या आधी तुझं बेसिक दोन हजार झालं, तर ते मागच्या सगळ्या वर्षांना लागतं. सोळांनाही.’

शांतारामभाऊला वेळ लागला. खोडलं, पुन्हा लिहिलं. उत्तर आलं तेव्हा त्यानं कागद माझ्याकडे वळवला. ‘ताई, बघा हो, बरोबर आहे का?’ एक्केचाळीस हजार. जवळजवळ दहा लाख. मी मान हलवली. 

‘पण फी?’ तो म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. ‘हे सगळं खरं, अंकल. पण पंधरा तारखेला फी.’

‘चल,’ अंकल म्हणाले, ‘आणि बाय, तूही चल. तो बिनसह्यांचा गठ्ठा घे.’

मालकांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं शिरलो. सह्या नाहीत हे बघून मालकांचा चेहरा उतरला. ‘अंकल, आप भी ना! टॅक्स बच रहा है, आप को क्या प्रॉब्लेम है?’ अंकलनी त्यांच्यापुढेही कागद सरकवला. मी डोळे मिटले. वाटलं, आता नोकरी गेली यांची. ‘लिखो, सेठ. टॅक्स कितना बचेगा?’ मालक चरफडले, पण लिहिलं. वर्षाला पस्तीस हजार. ‘और सब को डिसेंबर में देना कितना है?’ तीन लाख वीस हजार. मालकांनी आकड्याकडे बघितलं आणि पेन्सिल तशीच धरून ठेवली. कन्सल्टंटनं पहिला आकडा दाखवला होता, दुसरा नव्हता.

मग अंकल हळू आवाजात बोलले. दोन लायसन्स फक्त सवलतीसाठी केली असं दिसलं तर सवलत तर जाईलच, वर दंड. त्यापेक्षा कंपनी आहे तशी ठेवा, टॅक्स सरळ भरा, आणि जानेवारीपासून दर महिन्याला दहा हजार ग्रॅच्युइटीसाठी वेगळ्या खात्यात टाका. आज ती फक्त ताळेबंदात दिसते, बँकेत छदाम नाही. उद्या दहा जणांनी एकदम नोकरी सोडली तर पैसे देणार कुठून? ‘और इस को छह हजार एडव्हान्स दो. पगार से महीने का चार सौ कटेगा. तीन लाख देने निकले थे, छह हजार नहीं दोगे?’

मालक आकड्यांवरून पेन्सिल फिरवत राहिले. ते काही वाईट माणूस नव्हेत, घाबरलेले होते इतकंच. नवा टॅक्स, नवे कागद, ज्यानं त्यानं दिलेले सल्ले. शेवटी म्हणाले, ‘पहले क्यों नहीं बोला, अंकल?’ अंकल म्हणाले, ‘तीन बार बोला. आप ने लिखा नहीं था.’

सहा हजार दुसऱ्या दिवशी शांतारामभाऊच्या खात्यात पडले, दोन जानेवारीला फी भरली गेली. पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. मी ती पत्रं श्रेडरमध्ये घातली, पहिलं माझं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘बाप रे! तुझी तीन वर्षं गेली असती की!’ मी म्हटलं, ‘माझी जाऊ देत रे, मी त्या माणसाची सोळा घालवायला निघाले होते.’ आणि मग मला रडू आलं.

त्यानंतर अंकल आणखी वर्षभर राहिले. वेगळ्या खात्यात दर महिन्याला दहा हजार पडतात की नाही, हे बघायला थांबलोय, असं सांगायचे. बारा हप्ते पडले, बाराव्याची स्लिप त्यांनी स्वतः फाइलला लावली आणि राजीनामा दिला. त्यांचा शेवटचा हिशेब मीच काढला. पाच वर्षं दोन महिने, साडेसोळा हजार दिरहम. पस्तीस वर्षं परदेशात काढलेल्या माणसाच्या नावापुढे तो आकडा टाइप करताना मी तीनदा तपासला, कुठे चुकून वाढेल का म्हणून. वाढला नाही. अंकलनी तो वाचला, ‘बरोबर आहे, बाय’ म्हणाले आणि सही केली. चेहऱ्यावर खंत म्हणून दिसली नाही. ‘बायकोला सांगितलंय, रविवारी पोचतो, मासे आणून ठेव,’ म्हणाले.

जायच्या दिवशी गेटपाशी सगळं वर्कशॉप जमलं होतं. शांतारामभाऊनं बॅग गाडीत ठेवली आणि जरा घुटमळला.

‘अंकल, माझी सतरा पुरी झाली.’

‘ठाऊक आहे. बावीस कर. मग मला फोन कर.’

‘कशाला? तुम्ही तोवर विसराल आम्हाला.’

अंकल गाडीत बसले होते, ते काच खाली करून म्हणाले, ‘विसरीन कसा? फोन कर आणि बावीस वर्षांचा आकडा सांग. न तुटलेला. माझा तर कधी झाला नाही. एकदा तरी कुणाचा तरी पूर्ण आकडा ऐकायचाय रे मला.’